कचऱ्याचं वजन करून पाहा

प्रवासाच्या बॅगा तोलायला आम्ही एक हातात धरायचा वजनकाटा घेतला होता. विमानप्रवास दोन वर्षांतून एकदा, एरवी काटा खणात पडून. गेल्या मे महिन्यात त्याला काम दिलं. रोज सकाळी कचरा दाराबाहेर ठेवण्याआधी पिशवी आकड्याला अडकवायची आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर वजन लिहायचं. घरात आम्ही चौघं. सात दिवसांनी बेरीज केली: ओला पावणेसहा किलो, सुका सव्वा किलो. आंब्याचे दिवस होते, एक कलिंगडही झालं होतं, त्यामुळे ओल्याचा आकडा जरा फुगलेला असणार. वर्तमानपत्रं सुक्यात धरली नव्हती, ती रद्दीत जातात. तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता.

गंमत अशी की तोवर आमच्या घरात कचऱ्यावरून जेवढे वाद झाले, ते सगळे त्या सव्वा किलोवरून. भाजीवाल्याकडून पिशवी का घेतलीस, बाहेरून जेवण मागवलं तर चमचे नकोत असं का नाही सांगितलंस, शहाळ्याला स्ट्रॉ कशाला. कोयी, साली, देठं, चहाचा चोथा, शिळा भात यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. ते हिरव्या डब्यात जातं, डबा दाराबाहेर जातो, रिकामा होऊन परत येतो. विषय संपला.

कचरा कमी करण्याच्या सोप्या सवयींच्या याद्या आपण सगळेच वाचतो. कापडी पिशवी वापरा, स्टीलची बाटली बाळगा, बांबूचा टूथब्रश घ्या, कागदाच्या दोन्ही बाजू वापरा, आणि आठव्या-नवव्या क्रमांकावर कुठेतरी ‘ओल्या कचऱ्याचं खत करा’. यातली एकही गोष्ट चुकीची नाही. माझी तक्रार आहे ती सगळ्या ओळी एकाच मापाच्या असण्याबद्दल. बांबूचा ब्रश घेणाऱ्याला आपला हिशोब चुकता झाल्यासारखं वाटतं. वास्तविक ब्रशचं वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम, आणि त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच. याद्यांनी माणूस कामाला लागत नाही, त्याचं समाधान होतं. त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दिखाऊ ओळ उचलायची, बाकीच्या सोडून द्यायच्या.

माझं म्हणणं थोडक्यात असं: शहरात राहणाऱ्या कुटुंबाने एकच सवय लावायची ठरवली, तर ओला कचरा घराच्या किंवा सोसायटीच्या फाटकाबाहेर जाऊ न देण्याची लावावी. बाकीच्या नऊ सवयी नंतर. आपल्याकडच्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त वाटा ओल्याचा असतो. म्हणजे माझ्या काट्याने काही जगावेगळं सांगितलेलं नाही.

हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी सरळ प्रश्न केला, “अरे, साल मातीतून आली, मातीत गेली. तिचा कसला आलाय त्रास? प्लास्टिकचं काय ते बघा.” प्रश्न अगदी रास्त आहे. ते वाढले त्या घराच्या परसात उकिरडा होता. शेण, राख, भाजीचा पाला, सगळं तिथे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. त्यांच्या उकिरड्याचे दरवर्षी फिटायचे. उन्हाळ्याच्या शेवटी गाडी भरून शेतात. त्या हिशोबाने साल निरुपद्रवीच.

पण आपली साल मातीत जात नाही. ती गाठ मारलेल्या पिशवीत, पिशवी गाडीत, आणि वर्गीकरण नीट झालं नाही तर गाडी डेपोवर. तिथे तिच्यावर आणखी शंभर घरांच्या पिशव्या. हवा मिळाली की साल कुजून खत होते. हवा कोंडली की तीच सडते आणि मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. मुंबईचं देवनार १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डोंगराच्या पोटात धुमसणारी असली आग वरून पाणी मारून विझत नाही, कारण आत वायू तयार होतच राहतो. सालींमधून निथळणारं काळं पाणी वाटेत बॅटऱ्या, रंग, औषधं असं जे भेटेल ते सोबत घेऊन जमिनीत उतरतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, एकदा नव्हे, अनेकदा. गाड्या अडल्या की चार दिवसांत शहरातले कंटेनर उतू जायचे. पुणेकरांना तेव्हा जो वास आला तो प्लास्टिकचा नव्हता.

मग जाळून वीज का करत नाहीत, असं सोसायटीच्या सभेत कोणीतरी हमखास विचारतं. बहुधा परदेशात मुलाकडे जाऊन आलेलं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये हा प्रयोग झाला. डेन्मार्कचं तंत्रज्ञान, रोज तीनशे टन कचरा जाळण्याची क्षमता. काही आठवड्यांत कारखाना बंद. आलेला कचरा इतका ओला आणि मातकट होता की तो धड जळेचना. कोपनहेगनच्या पिशवीत पुठ्ठा आणि वेष्टनं जास्त, आपल्या पिशवीत दुधी भोपळ्याच्या साली. ओली लाकडं चुलीत घालून फुंकर मारत बसलेल्या कोणाही बाईने हे आधीच सांगितलं असतं.

आता त्या सव्वा किलोकडे येऊ. त्याचं भवितव्यही ओल्यावरच अवलंबून आहे, हे मला उशिरा कळलं.

आमच्याकडे सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई जिन्याखाली बसून सुका निवडतात. एकदा खाली उतरताना उगाच थांबलो. त्यांनी दुधाच्या पिशव्यांची एक चळत वेगळी काढली होती आणि दुसरा एक ढीग बाजूला सारला होता. दोन्ही पिशव्या त्याच, त्याच दुधाच्या. फरक एवढाच की चळतीतल्या धुतलेल्या होत्या, आणि ढिगातल्यांवर कालची आमटी सांडलेली होती. “ह्या घेत नाय भंगारवाला,” त्या म्हणाल्या, “घेतल्या तर भाव पाडतो.” मग त्यांनी चळतीतली एक पिशवी उचलून दाखवली. कात्रीने कोपरा कापलेला, पण पूर्ण नाही. तुकडा पिशवीलाच लोंबत होता. “असं कापत जा. तो तुकडा सुटला की गेला. कुणी वेचायचा एवढासा?”

दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक भंगारात चांगलं चालतं. आपण रोज सकाळी कात्रीने उडवतो तो तिकोनी कोपरा मात्र सिंकच्या जाळीत, तिथून ओल्या कचऱ्यात, तिथून खतात जातो आणि खत चाळणाऱ्याला छळतो. रोज दोन पिशव्या म्हणजे वर्षाला सातशे तीस कोपरे, एका घराचे. कापताना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सोडायचे, बस्स. पैसा नाही, कष्ट नाहीत, वेळ नाही. ही सवय मी कुठल्या यादीत वाचली नव्हती, कारण याद्या कचरा टाकणारे लिहितात. निवडणाऱ्यांनी लिहिली असती तर तिच्यात पहिलं हे असतं, दुसरं डायपर आणि पॅडबद्दल असतं, तिसरं फुटलेल्या काचेबद्दल.

पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने उभी राहिली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद दारोदार कचरा घेऊ लागले. त्यांच्या कमाईची दोन अंगं आहेत: घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क, आणि निवडलेलं भंगार विकून येणारे पैसे. म्हणजे मी आमटीची पातेली ज्या पिशवीत रिकामी करतो, ती पिशवी दुसऱ्या कोणाच्या तरी मिळकतीचा भाग असते. वर्गीकरणाला आपण ‘पर्यावरणासाठी’ म्हणतो तेव्हा ते फार लांबचं होऊन बसतं. जिन्याखाली बसलेल्या बाईचा त्या दिवसाचा भाव पडू नये, एवढं कारण मला पुरतं.

सॅनिटरी पॅडचंही तसंच. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, हे कचरावेचक महिलाच कधीपासून सांगताहेत. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत तर उत्पादकांनीच पॅडसोबत गुंडाळायला पाकीट द्यावं असं म्हटलं होतं. ठिपका काढायला पेन लागतं आणि थोडा निलाजरेपणा. आमच्याकडे पेन बाथरूमच्या कपाटात दोरीला बांधलं आहे. पाहुण्यांना आधी नवल वाटतं.

खताकडे वळतो, कारण तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. लोक सांगतात तितकं ते सोपंही नाही आणि घाबरतात तितकं अवघडही नाही. आमची पहिली बादली सपशेल फसली. नुसत्या साली टाकत गेलो, आठ दिवसांत वास. चिलटं स्वयंपाकघरापर्यंत आली, शेजारच्यांनी बेल वाजवली. चूक साधी होती: ओल्याच्या बरोबरीने कोरडं घातलंच नव्हतं. ओल्याच्या एका थराला वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, भुसा किंवा कोकोपीट, जे मिळेल त्याचा तेवढाच थर हवा. आता गॅलरीत भोकं पाडलेल्या दोन बादल्या आहेत. एक भरेपर्यंत दुसरी मुरते. मुठीत घेऊन दाबलं तर हाताला ओल लागावी पण थेंब पडू नये, ही परीक्षा.

जुलैत एकदा झाकण काढलं आणि मुलगी किंचाळली. आत करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळत होत्या, आणि कान जवळ नेला तर पावसाची रिपरिप ऐकू यावी तसा आवाज. मी बादली फेकणारच होतो. तेवढ्यात खाली माळीकाका दिसले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “राहू द्या, कामकरी आहेत.” त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या होत्या. ती माशी अन्नावर बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कलिंगडाची साल दोन दिवसांत फस्त करतात. किळस येते हे मान्यच. मीही अजून झाकण उघडताना जरा लांब उभा राहतो. पण सालींचा ढीग रोज आत टाकूनही बादली भरत कशी नाही, याचं कोडं त्या दिवशी सुटलं.

दीड-दोन महिन्यांत काळंभोर, मोकळं खत निघतं. पहिल्या पावसात भुईचा येतो तसा वास. कोयी तेवढ्या तशाच राहतात, त्या काढून पुढच्या बादलीत टाकायच्या. हाडं आणि माशांचे काटे आम्ही टाकत नाही, टाकणारे टाकतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला पटतो. हे सगळं करायचं कोणी? सोसायटीच्या फलकावर वर्गीकरणाची सूचना लागली ती ‘भगिनींनो’ अशी सुरू होणारी. कचऱ्याच्या सवयी म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर, किंवा तिने ठेवलेल्या मदतनीस ताईंच्या डोक्यावर, आणखी एक काम, असं होणार असेल तर तो कचरा कमी झाला नाही, फक्त सरकला. जुन्या काळच्या ‘काही वाया न घालवणाऱ्या’ घरांचं कौतुक करताना आपण हे विसरतो. गोधड्या कोणी शिवल्या, राखेने भांडी कोणी घासली, आणि परसापलीकडची घाण कोणत्या जातीच्या माणसांनी वाहिली. मी दोडक्याच्या शिरांची चटणी आवडीने खातो, फोडणीची पोळीही. पण ती चविष्ट आहे म्हणून; तिने पृथ्वी वाचते म्हणून नव्हे. आमच्याकडे बादली माझ्याकडे आहे. त्याचं कौतुक करून घ्यायचं नाही, पण हेही खरं की मी गावाला गेलो की ती चार दिवस कोणी उघडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस: कंपन्या टनावारी पाकिटं बाजारात ओतणार आणि आम्ही घरी कोपरे मोजत बसायचं का? इथे मी दोन भाग करतो. ओला कचरा पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यात कुठल्याही कंपनीचा संबंध नाही. वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र जवळजवळ अजिबात आपल्या हातात नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेलं ते पाकीट धुऊन, वाळवून, घडी करून दिलं तरी भंगारवाला घेत नाही, कारण ते थर वेगळे करणं परवडत नाही. तिथे ‘ग्राहकाने जबाबदारीने वागावं’ हा उपदेश मला शुद्ध बनवाबनवी वाटतो. जे विकलं जाऊ शकत नाही ते बनवणाऱ्यानेच परत न्यावं.

आणि कायदा करूनही ते आपोआप होत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैसे परतावा छापून ती परत घ्यायची, अशी तरतूद होती. आज आमच्या डेअरीवर पिशवी परत देऊन पन्नास पैसे घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. हातगाडीवाल्याच्या पिशव्या मात्र अधूनमधून जप्त होतात, त्याच्याकडून दंडही वसूल होतो. बंदीचा जोर सर्वांत कमी ताकदीच्या माणसावर पडतो आणि तिचा कंटाळाही तिथेच येतो.

सवयी की धोरण, हा वाद म्हणून मला खोटा वाटतो. नियमाचा आधार नसला की सवय दमते. याची उलटी बाजू वेंगुर्ल्याला दिसली. सिंधुदुर्गातली छोटी नगरपरिषद. तिने घराघरांतून वेगळा कचरा घ्यायला सुरुवात केली, पुढे तो वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होऊ लागला, ओल्यापासून बायोगॅस, आणि डम्पिंगच्या जागी लोक बघायला यावेत अशी बाग. वेंगुर्लेकर जन्मतः जास्त शहाणे होते असं नाही. वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्र होत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. ‘आम्ही वेगळा करतो, गाडीत तो एकत्रच टाकतात’ हे वाक्य ज्या गावात खरं असतं, तिथे दहा मोहिमा पाण्यात जातात. आणि जिथे ते खरं नसतं, तिथेही आळशी लोक ते म्हणतातच.

पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलत आहे; सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांतलं आणखी एक असेल तर ती पाच टक्क्यांची दहा टक्के होते. शिवाय २०१६ च्या नियमांनुसार दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणारी सोसायटी ‘मोठी कचरा उत्पादक’ ठरायची, आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला शक्यतो आवारातच जिरवायचा होता. आमची सोसायटी नव्वद बिऱ्हाडांची, दोन्ही रेषांच्या आसपास. आमच्याकडे खड्डाही आहे. बांधकामाच्या नकाशात तो दाखवलेला आहे, त्याच्यावर लोखंडी झाकण आहे, आणि झाकणावर गेली सहा वर्षं दोन स्कूटर उभ्या असतात.

मे महिन्यानंतर बादल्या सुरू झाल्या आणि डिसेंबरात पुन्हा आठवडाभर काटा लावला. बाहेर गेलेला ओला आठशे ग्रॅम, बहुतेक हाडं आणि नारळाच्या करवंट्या. सुका तेवढाच, सव्वा किलो. कापडी पिशव्या असूनही त्यात फारसा फरक पडला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय ‘खतखड्डा चालू करणे’. तो मी लेखी दिला, दोघांच्या सह्यांसह. पाचवा विषय पार्किंग. आजवर आमची कुठलीही सभा पाचव्या विषयापलीकडे गेलेली नाही, म्हणून सचिवांना फोन करून सातवा विषय चौथ्याच्या आधी घ्यायला सांगितलं आहे. ते म्हणाले, “बघतो. पण स्कूटर कुठे लावायच्या, ते तुम्ही सुचवा.”